कोठीची किल्ली आणि अंगणातील पोती



आपल्या घरोघरचे तरुण आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. ते दिवसभर नेमके करतात तरी काय, असे वडीलधारी मंडळी विचारीत असतात. म्हणून त्या व्यवसायातील एकच पेच आपणापुढे उलगडावा, असे आम्ही योजिले आहे.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रथम प्रसिद्ध केला. अँड्रॉइडच्या फोनमध्येही तोच गाभा असतो. मागेल त्याला मेमरी द्यावी आणि फाइली डिस्कवर नीट उतरवाव्या, ही त्याची दोन मोठी कामे.

मेमरी अपुरी पडली, की कर्नल मागणाऱ्यास थांबवून आधी जागा मोकळी करू लागतो. वापरात नसलेल्या फाइलींच्या मेमरीत उरलेल्या नोंदी आवरण्यास तो फाइल-व्यवस्थेस सांगतो. परंतु मागणारी फाइल-व्यवस्थाच असली आणि तिने आपल्या कामाला कुलूप घातलेले असले, तर?

कोठावळा किल्ली कमरेला लावून अंगण रिकामे होण्याची वाट पाहतो आहे. पोती हलविणारा गडी म्हणतो, आधी कोठीची किल्ली द्या. दोघेही तसेच उभे! संगणक असाच गोठतो. मग तो बंद करावा लागतो, आणि डिस्कवर न उतरलेला दुकानाचा हिशेब वा मुलाचा निबंध कायमचा जातो.

यावर उपाय म्हणून मागणीसोबत जीएफपी-नोएफएस ही खूण जोडतात. अर्थ असा, की जागा दे, पण त्यासाठी पुन्हा फाइल-व्यवस्थेत शिरू नकोस. खूण उपयुक्त खरी. पण तिने जागा मोकळी करण्याचे मार्गही कमी होतात. तरी ती भीतीपोटी जागोजागी लावली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी ती का लावली, हे कळेनासे झाले.

२०१७ साली लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीत निराळी सोय आली. धोक्याचे काम जेथे सुरू होते तेथे आरंभाची खूण करावी, जेथे संपते तेथे शेवटची. मधल्या साऱ्या मागण्यांना बंधन आपोआप लागते. बंधन कोठे आणि कशासाठी, हे पुढच्या वाचणाऱ्यास स्पष्ट दिसते.

आपल्या घरातील तरुण रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसलेला दिसला, तर तो कदाचित अशीच एखादी अडकलेली किल्ली सोडवीत असेल. त्याला एकदा अवश्य विचारावे.