डावखुऱ्या पोराची सहा वर्षे

क्रिकेट आता आपल्या खेड्यापाड्यांत पोचले आहे. बेसबॉल मात्र पुष्कळांना नुसता नावाने ठाऊक. मी त्या खेळाचा शौकीन आहे. अमेरिका काही मी पाहिलेली नाही. वाचनावर आणि जुन्या धावफलकांवरच हा शौक पोसलेला. त्या खेळातल्या एका पोरसवदा गोलंदाजाची हकीकत आज सांगणार आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ती जरूर ऐकावी.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. बेसबॉलमधल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो ६० फूट ६ इंच अंतरावरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फलंदाजाजवळ जमिनीत एक पाटी बसवलेली असते, रुंदी अवघी १७ इंच. चेंडू तिच्यावरून, गुडघा ते छाती एवढ्या उंचीतून गेला, तर तो पिचरच्या बाजूचा. असे तीन चुकले की फलंदाज बाद. पण फलंदाजाने न छेडलेले चार चेंडू जर त्या चौकटीबाहेर गेले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. म्हणजे ज्याचा हात ताब्यात नाही, तो पिचर स्वतःच दार उघडून शत्रूला घरात घेतो म्हणा ना!

आमचा नायक सँडी कोफॅक्स. जन्म १९३५चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. डावखुरा, आणि चेंडूला वेग असा की पाहणारा थक्क व्हावा. १९५४च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्स या संघाने त्याला करारबद्ध केले. पगार ६,००० डॉलर आणि वर १४,००० डॉलर बक्षिसी. या बक्षिसीनेच घोटाळा केला. त्या काळी नियम असा होता की ४,००० डॉलरांहून अधिक बक्षिसी घेणाऱ्या नवख्याला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवले पाहिजे. श्रीमंत संघांनी सगळी चांगली पोरे विकत घेऊन ठेवू नयेत, हा हेतू. हेतू वाईट नव्हता, पण परिणाम पाहा. एरवी नवखा खेळाडू खालच्या पायरीवरच्या संघांत जातो, लहान गावांत रोज खेळतो, चुकतो, शिकतो. कोफॅक्सला ती शाळाच बंद झाली. शिवाय त्याला जागा करून देण्यासाठी टॉमी लासोर्डा या मेहनती पिचरला खाली जावे लागले. आता सांगा, संघातले जुनेजाणते या पोराकडे कोणत्या नजरेने पाहत असतील?

१९५५च्या जूनमध्ये तो पहिल्यांदा मैदानात उतरला. एक फटका बसला, मग त्याने स्वतःच चेंडू भलतीकडे फेकला, आणि पुढे हँक आरनसारख्या फलंदाजाला चार चेंडूंत फुकट तळ देऊन टाकला. तिन्ही तळ भरले, बाद कोणी नाही! तरी त्यातून तो निभावला. जुलैत पाच डावही पुरे न होता त्याने आठ जणांना फुकट सोडले. आणि ऑगस्टच्या २७ तारखेला याच पोराने सिनसिनाटीचे चौदा फलंदाज तीन-तीन चेंडूंवर चुकवून परत धाडले. साऱ्या सामन्यात फटके बसू दिले ते दोन!

शौकिनाचे हाल होतात ते इथे. पोरगा नुसताच वाईट असता, तर आपण त्याला विसरलो असतो. एक दिवस सोने दाखवतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची माती सोसवत नाही. पण हिशेब पाहिला, तर दोन वर्षांत मिळून त्याला शंभरच्या आसपास डाव मिळाले. त्या काळी नेहमीचा पिचर एका वर्षात याच्या दुप्पट टाकायचा. कधी तरी चेंडू हातात मिळायचा, आणि तेवढ्यातच सगळे सिद्ध करायचे. मग चेंडू बाहेर गेला की राग, राग आला की जास्त जोर, आणि जोर वाढला की चेंडू आणखी बाहेर. नवशिक्या बैलजोडीवर आसूड ओढला की औत सरळ चालते का?

१९५८ साली संघ लॉस एंजेलिसला गेला. तिथेही तेच. सहा हंगामांत मिळून ३६ सामने जिंकले, ४० हरले. १९६०चा हंगाम संपल्यावर त्याने आपले बूट आणि सामान कचऱ्याच्या पेटीत टाकले, असे सांगतात. सामान सांभाळणाऱ्या माणसाने ते गुपचूप उचलून ठेवले.

१९६१च्या वसंतात, फ्लॉरिडातल्या एका सराव सामन्यात, त्याचे चेंडू पुन्हा भरकटू लागले. नॉर्म शेरी हा त्याचा चेंडू झेलणारा सोबती. त्याने समजावले की जोर थोडा कमी कर, त्यांना मारू दे. कोफॅक्सने ऐकले, आणि नवल असे की जोर कमी लावूनही वेग फारसा घटला नाही. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले. १९५८ साली सुमारे १५९ डावांत १०५ जणांना फुकट सोडणाऱ्या कोफॅक्सने १९६३ साली ३११ डावांत फक्त ५८ जणांना सोडले, आणि २५ सामने जिंकले. १९६५च्या सप्टेंबरात तर एका सामन्यात समोरचा एकही फलंदाज पहिल्या तळापर्यंत पोचला नाही.

लोक म्हणतात, एका वाक्याने जादू केली. मला तसे वाटत नाही. असा सल्ला त्याला आधी कोणीच दिला नसेल, हे संभवत नाही. पण या वेळी सांगणारा वरून ओरडणारा नव्हता, बरोबरीचा होता. आणि ऐकणाऱ्यालाही तोवर नियमाने खेळायला मिळू लागले होते.

मात्र या गोष्टीचा शेवट नुसता गोड नाही. डाव्या कोपराच्या संधिवातामुळे १९६६च्या नोव्हेंबरात, तिशीतच, कोफॅक्सने खेळ सोडला. बारा हंगामांची कारकीर्द, आणि त्यातले सहा चाचपडण्यात गेले. ते पुन्हा मिळाले नाहीत.

आपल्याही वर्गात एखादा हुशार पोर असतो. त्याला आपण लौकर पुढच्या इयत्तेत नेऊन बसवतो, आणि अडखळला की म्हणतो, नुसते नाव मोठे! त्या वेळी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारावा: याच्या हातात चेंडू आपण किती वेळा दिला?