घरची मिरची : औषधाआधी पान उलटून पाहा

(महिला शेतकरी मेळाव्यात एका नवीन मिरची उत्पादक भगिनीने केलेले भाषण)



माझे माहेर आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ आणि सासर जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ. कांदा, टोमॅटो आमच्या हातचा. मिरची मात्र आठवडे बाजारातून यायची. ठेच्यापुरती तरी घरची असावी म्हणून मागील उन्हाळी हंगामात परसात ४० रोपे लावली. वाण फुले ज्योती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा वाण असून फळे घोसाने लागतात. त्या पहिल्या लागवडीत काय चुकले, ते सांगते.

पहिली चूक जागेची. रोपे कांद्याच्या वाफ्याला लागून लावली. फुलकिडे कांद्यावर येतात तसे मिरचीवरही येतात. कांद्याची पात वाळू लागली आणि मिरचीची पाने आक्रसली. कडा वर वळून पानाची होडी झाली. शेजारणी म्हणाल्या, "बोकड्या आला."

दुसरी चूक मोठी. टोमॅटोसाठी आणलेले सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध घरात शिल्लक होते. ते अंदाजाने मारले, आठ दिवसांनी पुन्हा मारले. आता पानांच्या कडा खाली वळल्या, शेंडे थांबले. २६ झाडे उपटावी लागली. त्यातच फवारणीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी मिरच्या तोडून घरात आली. सासूबाईंनी परडी काढून घेतली म्हणून बरे, नाहीतर त्या मिरच्या पाट्यावर गेल्या असत्या.

पुढे चौकशी केल्यावर उलगडा झाला. बोकड्या हे एकाच रोगाचे नाव नाही. पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. झाड खुजे राहून पाने बारीक, पिवळसर झाली तर विषाणू. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. कोळी हा कीटक नव्हे. पायरेथ्रॉइडमुळे त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. माझे तेच झाले.

म्हणून यंदा असे केले :

१. मिरची कांद्यापासून दूर लावली. रोपांवर सुरुवातीपासून नायलॉनची जाळी धरली. लागवडीनंतर निळे व पिवळे चिकट सापळे लावले.

२. आठवड्यातून दोनदा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकते. फुलकिडे चालताना दिसतात. कोळी पाहायला मुलीच्या शाळेतील भिंग घेते आणि पान उलटते.

३. फुलकिडे दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क. अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, १० लिटर द्रावण करते व संध्याकाळी फवारते.

४. कोळी असेल तरच पाण्यात मिसळणारे गंधक, वेष्टनावरील प्रमाणात. कडक उन्हात नाही.

५. विषाणूग्रस्त झाड औषधाने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करते.

६. रासायनिक औषध मारावेच लागले तर तारीख दारामागे लिहिते आणि वेष्टनावर दिलेले दिवस भरेपर्यंत तोडणी बंद.

ओळख पटली नाही तर शेंडा पिशवीत घालून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. बाजारची मिरची कोणी कशी फवारली हे आपल्या हातात नाही. परसातली मिरची मात्र थेट आपल्या लेकरांच्या ताटात जाते. औषधाची बाटली उघडण्याआधी पान उलटा, एवढेच माझे सांगणे.