घास का चावावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात वावरणारी बाई. चार लोकांपुढे उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

आमच्या सासूबाईंना थोडेच दात उरले आहेत. भाकरीचा घास त्या कितीतरी वेळ तोंडात घोळवीत बसतात. इकडे माझी भांडी खोळंबतात. एकदा मी न राहवून म्हटले, "आई, भाकरी आमटीत कुस्करून देते, म्हणजे लवकर उरकेल." त्या काही बोलल्या नाहीत, पण अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या.

पुढच्याच आठवड्यात माझ्या आठवीतल्या मुलीने घरी एक प्रयोग केला. तांदळाची पातळ पेज गाळून, कोमट करून दोन वाट्यांत घेतली. एकीत चूळ भरून स्वच्छ केलेल्या तोंडातली लाळ घातली, दुसरीत तेवढेच साधे पाणी. पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाकला. पाण्याची वाटी काळी-निळी झाली. लाळेच्या वाटीत निळा रंग आलाच नाही!

मुलीने समजावून सांगितले, की आयोडीनने निळे होते ते पिष्ट. भात, भाकरी, बटाटा यांत ते भरपूर असते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यांतून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. तिच्यातल्या विकराला पूर्वी टायलिन म्हणत, आता अमायलेज म्हणतात. ते पिष्टाचे तुकडे करते आणि माल्टोज नावाची साखर तयार होते. म्हणूनच भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावला, की गोडसर लागतो.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पहिली चूल तोंडातच म्हणायची! आणि तू मला ती विझवायला सांगत होतीस, सूनबाई."

त्या हसल्या, पण माझी मान खाली गेली.

भगिनींनो, भरभर गिळले तर अन्न मुळीच पचत नाही, असे नव्हे. लाळेचे काम जठरातही थोडा वेळ चालते. तिथले आम्ल घासात मुरले की थांबते. उरलेले पिष्ट लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने पचते. पण आतड्याला दात नाहीत. घास बारीक करून लाळेत भिजवण्याचे काम तोंडानेच करायचे. ते आपण चुकवले, तर पुढच्यांवर भार पडतो. घरात एकीने काम टाकले की दुसरीवर पडते, तसेच हे.

आणि आपले स्वतःचे काय? सगळ्यांना वाढून झाल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या, पाण्याच्या घोटाबरोबर आपण चार घास ढकलतो. मीही तेच करीत होते. आता मी सासूबाईंच्या शेजारी पाट मांडून बसते. त्यांच्याइतकाच वेळ मलाही लागतो. भांडी अर्धा तास उशिरा घासली जातात. त्याने कुणाचे काही बिघडलेले नाही. सासूबाईंच्या ताटात मात्र आता भाकरी उरत नाही.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, मुलांना आणि स्वतःलाही जेवायला वेळ द्या, एवढीच माझी विनंती.