पैसे गेले की जाणार?

(वढू बुद्रुक येथील मासिक बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, हप्त्याची तारीख जवळ आली की मोबाइल वाजतो. मेसेज इंग्रजीत, म्हणून आपण तो पोराच्या हातात देतो. पोरगं म्हणतं, "आई, पैसे कटले." कटले की कटणार आहेत? कटणार असतील तर खात्यात भर घालायला अजून वेळ आहे, म्हणून हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे.

मराठीत काळ क्रियापदाच्या शेवटी कळतो: गेले, जातात, जातील. इंग्रजीत 'डेबिटेड' आहे तसंच राहतं, काळ सांगतात त्याच्या आधीचे बारके शब्द. 'इज डेबिटेड' किंवा 'हॅज बीन डेबिटेड' म्हणजे गेले. 'विल बी डेबिटेड' म्हणजे जाणार. हे 'विल' डब्ल्यू अक्षराने सुरू होतं, तेवढं ओळखलं तरी पुष्कळ. ज्यांची समाधी आपल्या गावात आहे त्या संभाजी महाराजांनी संस्कृतात 'बुधभूषण' ग्रंथ लिहिला. आपल्याला तर एक ओळ वाचायची आहे!

'विल' दिसलं की तारीख शोधा आणि आदल्या दिवशीच शिल्लक बघा. नाहीतर हप्ता 'बाउन्स' होतो. बाउन्स म्हणजे चेंडूचं उसळणं. इथे उसळून अंगावर येतो तो दंड. 'ड्यू' म्हणजे भरायचा आहे, 'ओव्हरड्यू' म्हणजे तारीख उलटून गेली.

कर्जाच्या मेसेजात जास्त फसगत होते. 'हॅज बीन सँक्शन्ड' म्हणजे मंजूर झालं. 'हॅज बीन डिसबर्स्ड' म्हणजे रक्कम सोडली. दोन्ही झालेल्याच गोष्टी, पण मंजुरीच्या मेसेजवर म्हशीचा इसार देऊन बसू नका.

आता चोरांचं. 'युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे', आज खातं बंद होणार, आणि खाली निळी लिंक. 'विल' आहे ना? म्हणजे अजून काही झालेलं नाही. लिंक दाबू नका, शाखेत जाऊन विचारा. उलटंही करतात. 'क्रेडिटेड' म्हणजे जमा झाले, असा खोटा मेसेज टाकतात आणि "ताई, चुकून आले, परत पाठवा" म्हणून फोन करतात. तिथे व्याकरण कामाचं नाही, आधी शिल्लक तपासा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन लावा.

पुढच्या बैठकीला मोबाइल आणि पासबुक दोन्ही आणा. बँकेचे मेसेज पुसू नका, नोंदींशी लावून बघू.