मेळाव्यातली टाळी

(बोरी येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुणाला मत द्यायचं हे सांगायला मी उभी नाही. आपल्या गटांत सगळ्या पक्षांच्या बाया आहेत आणि ते तसंच असू द्या. मी बोलणार आहे ते टाळीबद्दल.

मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने महिला मेळावा घेतला. हळदीकुंकू होतं, वाण म्हणून स्टीलचा डबा होता. आमच्या गटाची लिपिका, जिला आम्ही सगळ्या आपा म्हणतो, तिनेच मोहल्ल्यातल्या सहा बाया जमवून आणल्या. ती त्या पक्षाची जुनी मतदार. हळदीकुंकवाच्या वेळी त्या सहाजणी आणि आपल्या दोन विधवा बहिणी कडेला बसून राहिल्या. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मग भाषण सुरू झालं. "आपल्या लेकीबाळींना त्यांच्यापासून सांभाळायचं असेल तर..." असं काहीतरी. मंडपात टाळ्या पडल्या. मीही वाजवली. खोटं कशाला बोलू?

परत येताना अ‍ॅपेत कुणी बोललं नाही. पुढच्या दोन बैठकांना आपाने बचतीचे पैसे लेकीच्या हातून पाठवले. वहीसुद्धा लेकच घेऊन आली.

उमेदवार असं का बोलतो? त्याचा हिशेब सोपा असतो. द्वेषाचं बोललं तर काही मतं पक्की होतात, आणि ज्यांना लागतं ते जाऊन जाऊन जातील कुठं? हा हिशेब एकाच पक्षाचा नाही. 2024 च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या 48 पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचेच नसीम खान यांनी त्यावरून प्रचार समितीचा राजीनामा दिला. मतं मात्र त्या समाजाची हवीच होती. एकजण मंचावरून शिव्या घालतो, दुसरा मंचावर नावच घेत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या प्रचारात योगी आदित्यनाथांची "बटेंगे तो कटेंगे" ही घोषणा आली. तेव्हा त्याच महायुतीतले अजित पवार म्हणाले, हे महाराष्ट्रात चालणार नाही. भाजपच्याच पंकजा मुंडे यांनीही असले विषय इथे नकोत असं सांगितलं. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना माहीत. युती तर तुटली नाही, सत्ताही आली. पण आपल्याच बाजूच्या माणसाला "हे नको" म्हणता येतं, एवढं तर दिसलं.

कायद्यात हे बसत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा आहे. त्याच्या कलम 123 प्रमाणे धर्माच्या, जातीच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईत विलेपार्ल्याला डिसेंबर 1987 मध्ये पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारातल्या भाषणांवरून हरलेले उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 ला ते कायम केलं. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला.

पण बायांनो, तारखा बघा. मत 1987 चं आणि शेवटचा निकाल 1995 चा. तोवर ती विधानसभा जाऊन तिसरी आली होती. कोर्ट हवंच, पण मंडपात त्या क्षणाला कोर्ट नसतं. तिथं आपण असतो, वाणाचा डबा मांडीवर घेऊन.

मी आपाच्या घरी गेले. चहा झाला, शेळीचं झालं, कापसाच्या भावाचं झालं. मग तीच म्हणाली, "त्या माणसाचं काय, तो उद्या जाईल. मी तुमच्या हातांकडं बघत होते." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. "चुकलं" एवढंच म्हटलं. ती पुढच्या बैठकीला आली. तिच्यासोबतच्या सहांपैकी दोघी अजून आल्या नाहीत. त्यातल्या एकीची अंतर्गत कर्जाची परतफेड कधी चुकलेली नाही, आणि तिलाच आपण बसायला जागा ठेवली नाही.

म्हणून आमच्या ग्रामसंघाने ठराव केलाय. कुठल्याही पक्षाच्या मेळाव्याला गट म्हणून जायचं असेल तर आधी बैठकीत विचारायचं. मंचावरून कुणाच्या धर्माला, जातीला बोल लावला तर टाळी नाही. आपल्यापैकी एकीने उठून विचारायचं, "दादा, हे आमच्या गटातल्या बाईबद्दल पण बोललात का?" उमेदवार समोर असतो, उत्तर द्यावं लागतं. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत सी-व्हिजिल अ‍ॅपवर व्हिडिओ टाकून तक्रारही करता येते, नाव न देताही. आपल्या लेकी मोबाईल चालवतात, त्यांना सांगा.

ठराव फाडाफाडीशिवाय झाला नाही. दोघी म्हणाल्या, "उमेदवार चिडला तर गावची कामं अडतील." ती भीती खोटी नाही. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलंय, आणि ते आपानेच लिहिलं. ठरावाची प्रत मी आणलीय. आज सगळ्या ग्रामसंघांनी वाचून घ्या. ज्यांना पटत नाही त्यांनी तसं सांगा, तेही लिहून घेऊ.