शब्द एक, अर्थ दोन



भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसाला एक अनुभव नित्य येतो. घरात ‘शिक्षा’ म्हणजे दंड. उंबरठा ओलांडला की हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. शब्द तोच, लिपीही तीच. ऐकणारा बदलला की अर्थ पालटतो. संगणकाच्या जगातही असे घडते, हे मला माझ्या एका विद्यार्थ्यामुळे उमजले.

घरच्या जुन्या संगणकावर ‘सी’ भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम त्याने शाळेत आणला. नव्या संगणकावर तो काही केल्या चालेना. ‘अमुक फंक्शन सापडत नाही’ असा संदेश येई. फंक्शन तर समोर लिहिलेले! मुलगा म्हणाला, “सर, घरी चालत होता हो.” मी विश्वास ठेवला नाही. निष्काळजीपणाबद्दल गुण कापले.

पुढे खरे कारण कळले. कंपायलर प्रत्येक फाइलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर ते तुकडे जोडतो. फंक्शनाआधी ‘इनलाइन’ लिहिणे म्हणजे कंपायलरला सुचविणे, की जमल्यास याचा मजकूर वापराच्या जागीच उतरवून घे. परंतु लिंकरसाठी एक स्वतंत्र प्रत ठेवावी की नाही? मतभेद येथेच आहे. जीसीसी या कंपायलरच्या जुन्या रीतीत नुसत्या ‘इनलाइन’ला प्रत ठेवली जाई, ‘एक्स्टर्न इनलाइन’ला नाही. १९९९ च्या प्रमाण ‘सी’ने नेमके उलट ठरविले, आणि २०१५ साली जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीपासून हाच नियम न सांगता लागू होऊ लागला.

परिणामी, तेच फंक्शन दोन फाइलींत आले, तर जुन्या रीतीत लिंकर ‘व्याख्या दोनदा झाली’ म्हणून अडतो. नव्या रीतीत प्रतच नसल्याने ‘सापडत नाही’ म्हणतो. प्रोग्राम वेगवान करण्याची आज्ञा दिली, तर पुष्कळदा मजकूर जागीच उतरतो आणि दोष झाकला जातो; मिटत मात्र नाही.

उपाय सोपा आहे. ‘स्टॅटिक इनलाइन’ असे लिहावे, म्हणजे प्रत्येक फाइलीची प्रत तिच्यापुरतीच राहते. याचा अर्थ दोन्ही रीतींत एकच आहे.

मुलाचे गुण मी परत दिले आणि वर्गासमोर माझी चूक कबूल केली. त्याला हिंदीतली शिक्षा हवी होती. मी मराठीतली दिली होती.