पाणी ओसरल्यावर काय?

(धंतोली येथे कारागीर व लहान दुकानदार यांच्यापुढे दिलेले भाषण)



आम्ही खेड्यातले मास्तर. दुकानदारी आमचा धंदा नव्हे. पण आमच्या हाताखाली शिकलेली पोरे आज धंतोली-सीताबर्डीत शिलाई, सुतारकाम, चहाची टपरी करून पोट भरतात. त्यांच्यासाठी चार शब्द बोलतो.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपण विसरला नसाल. गणपती बसलेले, लोक निजलेले. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी दुकानांत शिरली. कोणी म्हणाले, दैवाचा कोप! दैवाचा यात काय संबंध? तलाव भरलेला, नदीचे पात्र आवळलेले. पाणी सखल जागीच शिरणार.

आमच्या एका विद्यार्थ्याचे शिलाईचे दुकान बुडाले. पाणी ओसरताच त्याने घाईने यंत्राची कळ दाबली. वाळवून वाचली असती ती मोटार जळाली. सरकारने दुकानांस 50,000 रुपयांपर्यंत व टपऱ्यांस 10,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. पण पंचनाम्यास माणूस आला तेव्हा माल किती होता, हे दाखवावयास याच्याजवळ चिठोरेही नव्हते. हा दोष त्याच्याइतकाच आमचा. आम्ही त्यास त्रैराशिक शिकविले, रोजकीर्द लिहिण्यास शिकविले नाही.

तेव्हा मृग लागण्यापूर्वीच कामास लागा. माल कमरेच्या वर फळीवर ठेवा. विजेची बटणे उंच बसवून घ्या. खरेदीच्या पावत्या, परवाना व वहीची पाने यांची मोबाईलवर छायाचित्रे काढून नातलगाकडे पाठवा. विमा उतरविताना त्यात पुराचे नुकसान धरले आहे काय, हे वाचूनच सही करा. टपरीवाल्यांनी 2014 च्या पथविक्रेता कायद्याचे प्रमाणपत्र मिळवावे.

पूर ओसरल्यावर आधी नुकसानीची छायाचित्रे काढा, मग चिखल उपसा. तारकाम पाहणाऱ्याने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. भिजलेले पीठ-धान्य विकून गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळू नका. शेजाऱ्यांनी मिळून दरमहा थोडे पैसे बाजूस टाकले, तर पहिल्या आठवड्यात सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही.

लिहिता येत नाही, अशी सबब सांगू नका. घरातली मुलगी शाळेत जाते ना? आज रात्री तिच्यापुढे कोरी वही ठेवा आणि दिवसाची विक्री सांगा. ती लिहील.